निळ्या शिंपल्या

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची इंझोरीला! कस्तुराबाईंनी परसदारची खोली दिली, वर गरम भाकर आणि ठेचा. त्यांची सून वैभवी सातव्या महिन्यात आहे, भारी हसरी. घरची विहीर खोल करताना दोन काळ्या खडकांच्या मधे पांढरी माती लागली, तिच्यासाठीच मी आले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात इथे तळं होतं, ही त्याच्या तळाची माती. ती सोड्याच्या पाण्यात भिजवायची, चाळणीवर धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली खसखशीएवढ्या शिंपल्या, शेवाळाची पीळदार बीजं वेचायची. त्यांवरून पाणी गोडं होतं की खारं, उथळ की खोल, ते कळतं. ब्रशचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, ही माझ्या गाईडची, प्रसेनजित सरांची शिकवण. दर धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगात बुडवायची, म्हणजे आधीची एखादी शिंपली अडकून राहिली तर पुढच्या वेळी निळी दिसते, चोर पकडला जातो.

१३ नोव्हेंबर
नव्या मातीत चाळीस निळ्या शिंपल्या. बोटांची सालं निघेपर्यंत चाळणी घासली होती मी! सरांनी फोनवर माझा निष्काळजीपणा काढला. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं त्यांचं.

१५ नोव्हेंबर
मातीची पिशवी अर्धी झाली. वैभवी खाते! डोहाळे म्हणे. माझं टाळकंच सरकलं, नको ते बोलले. कस्तुराबाई उलट माझ्यावर तापल्या, "माती आमची, लेकरू आमचं. तुले काहून जड होऊन राह्यलं?"
खरं सांगायचं तर मला पिशवीचा राग आला होता, पोरीची काळजी नव्हती. त्याची आता लाज वाटते.

१७ नोव्हेंबर
विहिरीतून थेट काढलेलं ढेकूळ फोडलं, चाळणीला न लावता. आत सगळ्या निळ्या. रंग तिथवर गेलाच कसा? एक शिंपली माझ्यासमोर उघडली. मिटली. दगड आहे तो! सरांना म्हटलं, विहीर बुजवायला सांगा. ते म्हणाले, हे वहीत लिहू नकोस, आधी पेपर जाऊ दे. लाज कशी वाटत नाही या माणसाला!

१९ नोव्हेंबर
वैभवीची नखं निळी पडलीत. बाळ लाथ मारत नाही म्हणते, उघडतं-मिटतं. सगळ्यांशी भांडून तिला कारंज्याला नेलं. डॉक्टर पोटातले ठोके मोजायला लागले. मोजतच राहिले. मग यंत्र बंद करून, आमच्याकडे न बघता बाहेर गेले — बाळ एक, आणि ठोके शेकडो —

२० नोव्हेंबर
वैभवीला घरी आणलं. विहिरीवर पत्रे टाकले. कस्तुराबाई रडतात, म्हणतात मीच तिले चाखायला दिली होती. आता कोणाकोणावर ओरडू?

२१ नोव्हेंबर
सर म्हणाले, तू थकलीस, उद्या तुझ्या जागी रुचिकाला पाठवतो. अजून एक पोरगी! — आरशात पाहिलं. जिभेवर निळे ठिपके. अकरा दिवस ब्रश ओठांत — त्यांनीच शिकवलं — त्यांनीच —

रुचिका, बाई गं, ब्रश तोंडात घालू नकोस. पत्रे काढू नकोस. सरांचं काही — वैभवी येऊन बसली शेजारी. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणते, ताई, इथंबी उघडून राह्य—