पिंप फुटायला किती सेकंद

जयनगर, बंगळूर
१४ जून १९९७

चि. शरच्चंद्र यास अनेक आशीर्वाद.

स्मिताचा गुडघा कसा आहे? बेळगावात पाऊस लागला असेल. इकडे सर्व ठीक, माझं ब्लडप्रेशर सोडून, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

दोन वर्षांत माझ्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. हे चौथं. पण हे घरगुती पत्र नाही, तक्रारअर्ज आहे. नौदलात बावीस वर्षं काढलेला माणूस माझ्या ओळखीत तू एकटाच, म्हणून नाइलाज.

विषय: डेप्थ चार्ज.

स्वानंदीच्या कंपनीने पाणबुडीचा खेळ करायला घेतला आहे. त्यासाठी तिने ऑफिसचा कॉम्प्युटर माझ्या वरच्या खोलीत आणून ठेवला. खेळणारा पाणबुडीचा कप्तान, वर शत्रूचं जहाज, ते पाण्यात स्फोटकांची पिंपं टाकतं. मी कौतुकाने खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटांत माझं डोकं फिरलं. पिंप दोन सेकंदांत शंभर मीटर खाली. शिवाय पाणबुडीला टेकल्याशिवाय फुटायचं नाही, जणू दार वाजवून आत येणारा पाहुणा. पस्तीस वर्षं मी मुलींना पाण्याचा दाब शिकवला, तो काय यासाठी?

मी म्हटलं, "अगं, पिंपाला डोळे असतात का? किती खोलीवर फुटायचं ते जहाजावरच ठरवून देतात. तेवढा दाब आला की ते फुटणार, जवळ पाणबुडी असो की मगर. तुझ्या बापाला विचार."

म्हणाले आणि जीभ चावली. ती म्हणाली, "विचारलं असतं, आत्या," आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

मग मी ट्रंक उघडली. जहाजावरून तू मला लिहिलेली सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. (हुरळून जाऊ नकोस. मी विजेची बिलंही जपून ठेवते.) १९६२च्या पत्रात तू पिंपाचं चित्र काढून लिहिलं आहेस: सेकंदाला साधारण दहा फूट. म्हणजे शंभर मीटरला अर्ध्या मिनिटाहून जास्त. स्वानंदीला पटेना. मग आम्ही अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं, हिंगाच्या डबीत वाळू भरली आणि घड्याळ लावून सोडली. डबी म्हणजे पिंप नव्हे, हे मला कळतं. पण पाण्यात पडणं म्हणजे जिन्यावरून पडणं नव्हे, एवढं तिला कळलं. अकरा डब्या बुडवल्या. शेजारच्या कृष्णाबाई धावत आल्या, "एनायतु अक्का, काय झालं? चांदीचं पडलं का?" स्वानंदीने त्यांना गंभीरपणे सांगितलं की आत्या शत्रूची पाणबुडी शोधते आहे. त्या टाकीत डोकावल्या, रे. अंगणात बसून आम्ही तिघी पोट धरून हसलो. स्वयंपाकात अजून हिंग नाही.

तिचा साहेब बसवंत, निपाणीचा, चहाला आला होता. म्हणाला, "अक्का, खेळच आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." मी म्हटलं, समुद्र अ‍ॅडजस्ट करत नाही. स्वानंदीने आकडे बदलले आणि त्यालाच खेळायला बसवलं. वरून पिंप पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. बसवंतने बशी घट्ट धरली. पाणबुडी वळवू की आणखी खाली नेऊ, त्याला सुचेना. पिंप फुटलं ते लांब, तरी तो खुर्चीवरून उठला. घाम पुसून म्हणाला, सरी, बरोबर आहे, असंच ठेवा. खरं आहे ते जास्त भीतिदायक निघालं. मी स्वतः चार वेळा बुडाले. पाचव्यांदा निसटले आणि त्या आनंदात शिरा केला.

एक गोष्ट मात्र त्या खेळात पहिल्यापासून बरोबर होती. स्फोट झाला की थोड्या वेळाने पाण्यावर मासे येतात, पांढरी पोटं वर करून, चमकत. बसवंत म्हणाला, हे कुणी सांगितलं होतं करायला? कुणीच नाही. सरावाच्या वेळी तुम्ही ते मासे बादल्यांनी गोळा करायचात, ही गोष्ट तू तिला जेवताना सांगायचास. ती तेव्हा पाच वर्षांची असेल. एकेक मासा तिने हाताने काढला आहे. मी मोजले, चाळीस आहेत.

आता पेन बदलते. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मुलींच्या चुका मी आयुष्यभर लाल शाईने दाखवल्या, तेव्हा स्वतःचीही त्याच शाईने लिहायला हवी.

बँकेतली नोकरी सोडायला स्वानंदीला मी सांगितलं. ती कचरत होती. "माझी मुलगी पळवलीस" असं तू म्हणालास, तेव्हा ती आपणहून आली, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तो राजीनामासुद्धा मी लिहिला. त्यातलं इंग्रजी तुला ओळखू आलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तुझा राग माझ्या वाट्याचा होता, तो दोन वर्षं तिने सोसला आणि माझं नाव घेतलं नाही. आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, कबुली देताना कारणं देऊ नयेत. म्हणून देत नाही.

परत निळी शाई. एक आकडा अडला आहे. स्फोटानंतर पाणी इतकं ढवळलेलं असतं की जहाजाला यंत्रावर खालच्या पाणबुडीचं काही ऐकू येत नाही, असं तू लिहिलं आहेस. ते पुन्हा ऐकू यायला किती वेळ लागतो, नेमक्या त्या आकड्यावर शाई फुटली आहे. बसवंत म्हणतो, अंदाजाने घाला. स्वानंदी घालत नाही. सगळा खेळ झाला, ती एक जागा तिने रिकामी ठेवली आहे. म्हणते, हे बाबांनाच माहीत असणार.

उत्तर मला लिहू नकोस. संध्याकाळी सात ते आठ ती घरी असते. नंबर तोच आहे. मी त्या वेळात अंगणात बसेन, फोन उचलणार नाही.

राजीनाम्याच्या बाबतीत चुकलेली, डेप्थ चार्जच्या बाबतीत मुळीच न चुकलेली,
तुझी
अक्का