एकसदस्यीय जुगार समिती

रविवार, २ जून
आजचा दिवस आमच्या चर्चच्या इतिहासात नोंदला जाईल. इतिहास कुणी लिहीत नाही, म्हणून इथेच नोंदवतो.
उपासनेनंतर मीटिंग. विषय : माईक. गेले सहा महिने आमच्या माईकमध्ये टॅक्सीवाल्यांचं बोलणं येतं. मागच्या रविवारी पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आम्ही तुझी वाट पाहत आहोत," आणि स्पीकरमधून उत्तर आलं, "मागच्या गेटला या, पुढे पार्किंग नाही." तर नवा माईक हवा. महिला संघाने सुचवलं, सोडत काढू. तिकिटं विकू. पहिलं बक्षीस वॉशिंग मशीन.
मी उभा राहिलो. म्हटलं, हा जुगार आहे आणि ख्रिस्ती मंडळीत जुगार चालणार नाही. शांतता पसरली. महिला संघाची अध्यक्ष आमचीच ही असल्यामुळे शांतता जरा जास्तच पसरली.
पाळकसाहेब म्हणाले, प्रश्न खरा आहे, कुणीतरी नीट अभ्यास केला पाहिजे. 'जुगार ख्रिस्ती माणसाला चालतो का?' यावर चार आठवड्यांत अहवाल मागवला. लगेच समिती नेमली. अध्यक्ष : मी. सदस्य : मी.
जेवताना ही एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

सोमवार, ३ जून. सकाळी ७.४०
पाचला उठायचं होतं. अलार्म वाजला, पण मी त्या वेळी झोपेत होतो.
रोज पहाटे शास्त्रवाचन. चष्म्याचं दुकान महिनाभर अर्धा दिवसच उघडायचं. अहवाल किमान शंभर पानी.
नवी फाइल आणली. पहिलं वाक्य लिहिलं : 'जुगार म्हणजे काय?' दमदार सुरुवात. इथेच थांबलो. घाईत लिहिलेलं टिकत नाही.

बुधवार, ५ जून
सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नऊ वेळा वाचलंय, दहावी फेरी चालू आहे. अहवाल कुठवर आला, विचारत होत्या. मी समजावलं की चिठ्ठ्या टाकणं हे मुळातच वाईट माणसांचं काम. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, बघा.
"आणि यहूदाच्या जागी बारावा प्रेषित कसा निवडला, जावईबापू?"
म्हटलं, गुणवत्तेवर.
म्हणाल्या, "चिठ्ठी टाकून."
उघडून पाहिलं. बरोबर आहे. अशा गोष्टी कुणी आधी सांगत नाही.
मात्र त्यांनी आधी प्रार्थना करून मग चिठ्ठी टाकली. म्हणजे प्रार्थना केली असेल तर... इथे विचाराला वाव आहे.

शुक्रवार, ७ जून
पाण्यात न उतरता पोहण्यावर मत देता येत नाही. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे लॉटरीचं तिकीट मिळतं. तीन आकडी नंबर सांगायचा, संध्याकाळी निकाल. एकच घेतलं. नमुना म्हणून. लॅबवाले रक्ताचा नमुना घेतात, तसा.
स्टेशनरीवाल्याने विचारलं, कुठला नंबर? म्हटलं, मी खेळत नाहीये, कुठलाही द्या. तो म्हणाला, नंबर घातल्याशिवाय मशीन छापत नाही. सकाळीच निवृत्त मुख्याध्यापकांचे डोळे तपासले होते, डावा सव्वादोन. तोच तोंडात आला. २२५.
निकाल : २२६.
एकाने! अंगावर काटा आला. अर्थात अभ्यासक म्हणून.

शनिवार, ८ जून
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. तीन घेतली. आधी प्रार्थना केली. 'जिंकू दे' असं मी म्हटलं नाही. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' एवढंच म्हटलं आणि नंबर सांगितला.

सोमवार, १० जून
बावीस वर्षं लोकांचे नंबर काढतोय. दीड म्हणजे १५०, सव्वातीन म्हणजे ३२५. सगळे तीन आकडी! देवाने मला याच धंद्यात का घातलं, त्याचा आज उलगडा झाला.
दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई नंबर काढायला आल्या. मला सकाळपासून पावणेतीन येणार असं वाटत होतं. निघाला अडीच. म्हटलं, बाई, खालची ओळ नीट वाचा. त्यांनी नीटच वाचली. म्हटलं, परत वाचा. तीनदा वाचली. शेवटी वैतागून म्हणाल्या, "डोळा माझा आहे ना? अडीचच आहे!" हल्ली लोक सहकार्य करत नाहीत.
मी आपला २७५वर ठाम राहिलो.
निकाल : २५०.
दोष त्यांचा. जरा नम्रपणे बोलल्या असत्या तर मी ऐकलं असतं.

बुधवार, १२ जून
मुख्याध्यापक नवा चष्मा घेऊन तावातावाने आले. काच चुकीची बसली होती. रस्त्यात त्यांनी लाल टपालपेटीला थांबवून घरच्यांची खुशाली विचारली आणि उत्तर मिळालं नाही म्हणून चार शब्द सुनावले. बदलून दिला. होतं असं.
ही म्हणाली, हल्ली दुकानात लक्ष नाही तुमचं. मी सांगितलं, समितीच्या कामात ढवळाढवळ नको. महिला संघाचं काहीही महिनाअखेरपर्यंत माझ्या कानावर घालू नकोस, मत दूषित होईल. ती म्हणाली, "बरं." समजूतदार आहे.

शुक्रवार, १४ जून
फार मोठा शोध! अंघोळ करताना लागला.
मी जिंकलो तर माईक मीच घेऊन देणार. मग सोडतीची गरजच नाही. म्हणजे मंडळीतला जुगार थांबणार. म्हणजे मी घेतो ते तिकीट जुगार नाहीच, जुगारबंदी आहे! पाप लोभात असतं, आणि लोभ स्वतःसाठी असतो. माझं सगळं मंडळीसाठी. उरलेल्या पैशांचं नंतर बघू. छोटीशी गाडी, फार तर.
आज पाच घेतली.

रविवार, १६ जून
फळ्यावर गीत क्रमांक २७५! "आमेन!" असा ओरडलो की पुढच्या बाकावरच्या पाळकबाई दचकल्या. नंतर हिने उभं राहून महिला संघाचं काहीतरी सांगितलं. मी बोटांवर हिशेब जुळवत होतो. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पाळकसाहेब माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. माझ्यातला बदल त्यांच्या लक्षात आला असावा.
स्टेशनरीवाला रविवारी बंद असतो. कुलूप पाहून आलो. दोनदा.

सोमवार, १७ जून
२७५ लावला. निकाल ५७२. अगदी उलटा! देव बोलतोय, यात शंका नाही. मी कुठल्या बाजूने ऐकतोय, तेवढंच बघायला हवं.

गुरुवार, २० जून
पाळकसाहेबांना भेटलो. चर्चच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्चीचा पाय ठोकत होते. म्हटलं, माझे एक ओळखीचे आहेत. तिकिटं घेतात, पण केवळ सत्कार्यासाठी. हे पाप का?
त्यांनी विचारलं, "तुमचे ओळखीचे हे घरी सांगतात का?"
म्हटलं, नाही, त्यांची बायको हळवी आहे.
त्यांनी एक खिळा ठोकला. म्हणाले, "शास्त्रात तिकिटाविषयी काही नाही. लोभाविषयी आहे, शेजाऱ्याविषयी आहे. एकाला भरभरून मिळायचं तर बाकीच्यांचं जायलाच हवं, हे त्यांना दिसतं का? आणि एवढं विचारा त्यांना, सोडून देता येतंय का? येत असेल तर त्यांनी तिकीट धरलंय. येत नसेल तर तिकीट त्यांना धरून बसलंय."
निरोप देतो म्हटलं.
निष्कर्ष : पाळकसाहेबांचा तत्त्वतः विरोध नाही. खिळा वाकडा गेला होता, पण मी बोललो नाही.

सोमवार, २४ जून
दुकानातला भिंतीवरचा मोठा आरसा विकला. जागा ऐसपैस झाली. फ्रेम कशी दिसते, ते गिऱ्हाइकांना आता मीच सांगतो. माझं मत आरशापेक्षा प्रामाणिक आहे. एक मुलगी फ्रेम न घेता निघून गेली. प्रामाणिकपणा लोकांना सोसत नाही.
ही दुकानात आली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिली. 

बुधवार, २६ जून
शेवटचं तिकीट घेतलं. अभ्यास पूर्ण.

गुरुवार, २७ जून
कालचं धरू नये, शाई पुसट होती. आज शेवटचं.

शुक्रवार, २८ जून
पाळकसाहेब म्हणाले तसं सोडून देता येतं का, ते तपासायला स्टेशनरीच्या दुकानासमोरून मान ताठ ठेवून गेलो. आलं सोडता! या आनंदात परत फिरून दोन घेतली.

शनिवार, २९ जून
अहवाल : एक ओळ. शंभर पानांचा आग्रह आता मला पोरकट वाटतो. मोजकं लिहिणं हीच खरी ताकद. शिवाय मुद्दे डोक्यात तयार आहेत : जुगार सर्व प्रकारे पाप आहे, अभ्यास वगळता. उद्या उभा राहिलो की आपोआप सुचेल.

रविवार, ३० जून. दुपारी ३
लिहू की नको, असं झालंय.
मीटिंगमध्ये फाइल घेऊन उभा राहिलो. पाळकसाहेब गोंधळले. म्हणाले, "अहो, सोडतीचा प्रस्ताव संघाने सोळा तारखेलाच मागे घेतला. तुम्हीही हात वर केला होतात की." बायकांनी आठवडाभर पडदे शिवून दिले म्हणे, त्या पैशांत नवा माईक आला. आला म्हणजे समोरच होता. दोन रविवार टॅक्सीवाले बोलले नव्हते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
मी बसायला लागलो. पाळकसाहेब म्हणाले, "नाही नाही, चार आठवडे खपलात. वाचा."
फाइल उघडली. वाचलं, "जुगार म्हणजे काय?"
नव्या माईकवर फार स्वच्छ ऐकू गेलं.
पान उलटलं. कोरं. रीत म्हणून आणखी दोन कोरी पानं उलटली आणि खाली बसलो. मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे."
घरी आल्यावर हिने टेबलावर एक डबा आणून ठेवला. आत तिकिटं. माझ्या शर्टांच्या खिशांत सापडलेली, धुऊन निघालेली, चिमटे लावून वाळवलेली, तारखेप्रमाणे लावलेली. म्हटलं, हे अभ्याससाहित्य आहे. ती म्हणाली, "माहीत आहे."
मग म्हणाली, "मला आधी सोडतीत काही वाईट वाटत नव्हतं. गंमत होती, पैसा देवाच्याच घरात जाणार होता. मग ही सापडायला लागली. म्हटलं, जो माणूस एवढा विरोधात उभा राहिला त्याचं आठवड्यात हे होत असेल, तर वॉशिंग मशीनवर डोळा ठेवून बसलेल्यांचं काय होईल? संघात तेवढंच सांगितलं."
विचारलं, माझं नाव घेतलंस?
"छे. एक ओळखीचे आहेत, म्हटलं."
"मग?"
"मग पाळकबाई म्हणाल्या, चष्मेवाल्यांना सांभाळा."
ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, सगळी मिळून दहाएक तिकिटं असतील. डब्याचं झाकण लागत नव्हतं.

सोमवार, १ जुलै
शांतपणे विचार केला. म्हणजे निर्णय माझ्याच अभ्यासावर झाला! अहवाल लिहिला नाही तरी पोहोचला.
हे समाधान साडेदहापर्यंत टिकलं. साडेदहाला पाळकबाई चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला आल्या आणि आजाऱ्याला विचारतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "आता कसं वाटतंय?" बुधवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची यादी वाचतात, त्यात मला घातलंय. कुणाच्या तरी पित्ताशयानंतर आणि कुणाच्या तरी गुडघ्याआधी.
"किती दिवस?" विचारलं.
म्हणाल्या, "बरे होईपर्यंत."

बुधवार, ३ जुलै
गेलो. जाणार नव्हतो, पण हिने चपला काढून ठेवल्या होत्या, माझ्याही.
वाटलं होतं, सगळ्यांत मिळून एखादं वाक्य येईल. अकरा बायका. एकेकीने माझ्यासाठी वेगवेगळी प्रार्थना केली. खिल्ली कुणी उडवली नाही, तेच जड गेलं. शिवणकामवाल्या बाईंनी तर माझ्या डोळ्यांसाठीही मागितलं. मी मान खाली घातली.  आणि तेवढ्यात जाणवलं की मी मनात अंदाज बांधतोय, सगळ्यांत लांब प्रार्थना कुणाची होणार? पाळकबाई, म्हटलं. नक्की पाळकबाई.
सासूबाई निघाल्या. सतरा मिनिटं.
परत येताना हिला सगळं सांगून टाकलं. महिनाभरात पहिल्यांदाच काहीतरी आपणहून सांगितलं. ती चालता चालता थांबली.
"किती लावले होतेत?"
म्हटलं, काही नाही. नुसतंच मनात.
"मग उतार आहे," ती म्हणाली, आणि चालायला लागली.