चाकाखालचा गोटा

बाबा, काल तुमच्या गाडीचा बंद पडलेला स्टार्टर मी बदलला. तुम्ही जन्मभर बदलला नाही. "सोनाळ्यापर्यंत सारा उतारच हाय, स्टार्टर काय चाटायचा हाय?" म्हणायचे. रोज घरामागच्या उतारावर गाडी, चाकाखाली गोटा. सकाळी गोटा काढला की गाडी घरंगळते, तुम्ही गिअर टाकता, चालू. लोक हसायचे, तुम्हाले त्याचाच तोरा.

त्या दिवशी गाडी संत्र्याच्या बागेत सपाटीवर उभी. ढकलायले मजूर हायेत म्हणून डिझेल वाचवायले तुम्ही इंजिन बंद केलं. माल भरून मजूर दुसऱ्या बागेत गेले, आणि तुमच्या छातीत कळ आली. माय आणि मी मागून रेटून राह्यलो, भरलेली गाडी हलत नाही. आत बसून तुम्ही आमच्यावरच, "जोर लावा ना, जेवल्या नाही का?" क्रेट खाली फेकले, पुन्हा रेटलं. गाडी हलली तेव्हा गिअर टाकायले तुमचा हात उठला नाही. माय रेटतच होती. तिले मीच म्हटलं, आता थांब.

आता माझी लेक बाळंतपणाले आली आहे, नववा लागला. मेकॅनिक म्हणते, पुढच्या हप्त्यात येतो. पोटातलं पोर त्याच्यासाठी थांबते काय? बॅटरीची वायर काढली आणि मीच गाडीखाली घुसली. चारही चाकं ओढणारी तुमची गाडी, पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा मधेच आडवा. तो सोडल्याशिवाय स्टार्टर निघत नाही. वरचा बोल्ट तर दिसतच नाही, बोटानं चाचपायचा. लेक बाजेवरून म्हणते, "माय, तुले जमते का हे? आबा असते तर..."

"आबा असते तर गोटा लावला असता. तू पोट सांभाळ."

जुना स्टार्टर खोलून पाहिला. आतले कार्बनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, तेच झिजून गेलेले. एवढ्यासाठी, बाबा.

नवा बसवला, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन चालू. लेक हसली. मले हसू आलं नाही, तुमचा रागच आला.

हे नव्या स्टार्टरच्या खोक्यावर लिहून राह्यली, पुठ्ठा उद्या चुलीत जाईल. काल गाडी अंगणात सपाटीवर लावली होती, मुद्दाम. पण दिवस बुडायच्या आत पुन्हा चालू केली आणि मागच्या उतारावर नेऊन लावली. चाकाखाली गोटा तुमचाच आहे.