अत्तरदाणीची आतली बाजू

बाबा, आज तुमच्या लाडक्या धाकट्याला मी चहा न देता घालवून दिलं. साठी उलटली, पॉश तुकोगंजात ऑफिस आहे, पण अक्कल आपल्या छत्रीबागेच्या गल्लीतच राहिली. तुमची ती स्फटिकाची अर्धवट अत्तरदाणी, बाहेरून पाण्यासारखी नितळ आणि आतून खरबरीत, धुरकट, ती त्याला मुलीच्या लग्नात मांडायचीय. त्याआधी जयपूरला पाठवायचीय. "ताई, मशीनवाले आतून एकदम चकाचक करून देतील. अधुरी चीज कोण मांडतं?" मी म्हटलं, "भिया, मग आधी तुझं डोकं पाठव."

अजून डोळ्यांपुढे आहे, मी शाळेतून येते, बुटांचे बंद सुटतात न सुटतात तोच तुमची हाक येते. चाकावर स्फटिक घासायची कुरुंदाची ओली पूड, तुमचे हात कोपरापर्यंत राखाडी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने दिलेली इंग्रजी कविता मी मोठ्याने घोकत असते. "मॅडम, तोंड बंद. बोट द्या." अत्तरदाणीच्या गळ्यातून तुमचं बोट जात नसे, माझं जाई. आत बोट, बाहेर अंगठा, असं चाचपत मी सांगायची, "इथे जाड आहे. इथे बास." आणि तुम्ही चाक थांबवायचात. आईचं जन्मात ऐकलं नसेल इतकं माझ्या बोटाचं ऐकलंत.

मग एका उन्हाळ्यात ते बोट गळ्यातच अडकलं. आईने तेल लावून सोडवलं. मी रडले, तुम्ही हसलात. "कॉन्व्हेंट मानवलं पोरीला." अत्तरदाणी पुसून फडक्यात गुंडाळलीत. धाकटा तेव्हा अंगणातच भोवरा फिरवत होता. त्याचं बोट सहज गेलं असतं. तुम्ही त्याला हाक मारली नाहीत. पुढे रुंद तोंडाचे पेले केलेत, वाट्या केल्यात, पण ती काही पुन्हा चाकावर चढली नाही. याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही, आणि त्याला तर अजून कळलेला नाही.

त्याला मी ठणकावलं, मशीनवर ती तडकेल. बिचारा घाबरून गेला. हा कागद काही कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून लिहिते. मी ती उजेडात धरून पाहिलीय. आत एकही चीर नाही. ती तडकणार नाही, बाबा. उलट फार सुंदर होईल, आणि माझ्या बोटाची जागा आत उरणार नाही. म्हणूनच देत नाहीये.