बयाचं टेसन

आषाढ वद्य ३, शके १८३३

टेसन झालं! टेसन कसलं — मातीचा ओटा, वर चार पत्रे आणि झेंडा दाखवायला महंमद. मिरजेची गाडी वीस वर्षं आमच्या बांधावरनं शिट्टी मारत जाते, कधी थांबली न्हाई. आता थांबणार ती धाकट्या दिराच्या माळावर. बाळासोच्या आणि त्याची बायको बया हिच्या दारात! वाटणीत थोरले म्हणून आम्ही काळं रान घेतलं, त्यांच्या पदरात दगड टाकले. टेसन दगडावर आलं. घ्या!

आषाढ वद्य ४

पहिल्या गाडीला इंजिनाची ओटी भरली. कुणी? बयानं! जागा तिची, मान तिचा. आख्खा गाव जमलेला. नवी गाय दारात आली की तिच्या कपाळाला हात लावतो, तसा हिनं इंजिनाला लावला. ड्रायव्हर ओरडतोय, "मावशी, हात काढा, तापलंय!" तोवर पोळला. तरी हसून म्हणते कशी, "आमच्या अक्कागत तापट हाय की!"

अक्का म्हणजे मी. सगळी हसली.

आषाढ वद्य ९

गावात जो तो "बयाचं टेसन" म्हणतोय. आमचे मालकसुद्धा! "बयाच्या टेसनावर जाऊन येतो." म्हटलं, जावा, तिथंच राहावा.

आषाढ अमावस्या

दोन्ही गाड्या आल्या. मी बघितलं न्हाई.

श्रावण शुद्ध ४

विठा आली! माझी लेक, हातकणंगल्याला दिलेली. लग्नाला तीन वर्षं झाली, पंचमीला एकदापण आली न्हवती. पावसात बैलगाडी रुतते म्हणून सासरची धाडत न्हाईत.

भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, ओवाळून टाकायला. टेसनावरनं गाडी सुटून गेली. पोर कुठाय? तासाभरानं आली — वेणी घातलेली, फुलं माळलेली, जेवलेलीसुद्धा! "काकूनं सोडलंच न्हाई गं."

"मग काकूचीच लेक हो जा," म्हणाले.

रडली. बोलायला नको होतं. बोलले.

श्रावण शुद्ध ६

सण कसातरी झाला. विठा गेली. पोचवायला मी गेले न्हाई, काकूच गेली.

दुपारी मात्र टेसनावर गेले, महंमदशी भांडायला. "ह्याला बयाचं नाव कुणी दिलं रं? सरकारी पाटी लाव की!"

तो झेंडा गुंडाळत होता. म्हणाला, "वैनी, टेसन हितं व्हणारच न्हवतं. रेल्वेच्या सायबाला रुळाखाली घालायला खडी पायजे होती. बाळासोंला म्हणाला, माळावरला दगड द्या, बदल्यात काय पायजे ते मागा. मागनं बयाबाई बोलल्या — गाडी हितं थांबवा. आमची पोर हातकणंगल्याला दिलीया, पावसाळ्यात तिला म्हायेराला वाट न्हाई."

"आमची पोर म्हणाली?"

"व्हय. आमचीच म्हणाल्या."

तशीच माघारी आले.

श्रावण शुद्ध ७

सायबानं मला विचारलं असतं, तर मी आमच्या रानात विहीर मागितली असती.