बटण नसलेला पंप

माझ्या आबांस,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. हे पत्र कुठं टाकायचं माहीत नाही, तरी लिहून राहिले.

हदगावच्या जिनिंगमध्ये तुम्ही तीस वर्षं कापसाची धूळ गिळली. तरी जत्रेतल्या हुतूतूत तुमचाच दम सगळ्यांत लांब चालायचा. मी रेषेवर उभी राहून आकडे मोजायची. पुढं चार पावलांत धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी पंप दिला. बटण दाबायचं आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा. तुमचं मागंपुढं व्हायचं, औषध जिभेवरच राहायचं.

"आबा, एवढं साधं जमत न्हाई का?" मी खेकसायची.

"जमतंय की, राजे," म्हणून तुम्ही हसायचात.

दवाखान्यात मी सांगायची, "रोज घेतात." डॉक्टर औषध वाढवत राहिले. ते छातीत पोचतच नव्हतं.

आता लातूरला मी काम करते त्या कंपनीत आम्ही नवा पंप तयार केलाय. हळू श्वास ओढला तरी औषध आपोआप सुटतं. काल चाचणीला अर्धापूरच्या पंचफुलाबाई आल्या होत्या; जुना पंप त्यांनाही जमत नव्हता. त्यांनी पहिल्याच खेपेला नीट घेतला.

त्यांची सून डोळे पुसत म्हणाली, "म्या लई बोलले हो यांना."

मी तिला म्हटलं, "त्यांची चूक नव्हती. पंपाचीच होती."

आबा, हे तुम्हाला सांगायला मला उशीर झाला.

तुमची लेक,
राजकन्या