स्वतः राहणार की भाड्याने देणार?

११ जानेवारी

विसार देऊन टाकला! पाथर्डी फाट्याचा फ्लॅट, तिसरा मजला. जुन्या मालकाने किल्लीसुद्धा देऊन ठेवली. बाल्कनीत उभं राहिलं की समोर पांडवलेण्यांचा डोंगर. मी मनातल्या मनात तिथे झोपाळा टांगला, चहाचा कप घेऊन बसले पण. शेजारी शेखर उभा. म्हणाला, अंबडच्या कंपन्या जवळ आहेत, भाडेकरू रांग लावतील.

एकाच बाल्कनीत उभे होतो आम्ही, नवरा-बायको!

१३ जानेवारी

बँकेत गेलो. आरोही मॅडमनी विचारलं, घर कशासाठी घेताय – स्वतः राहणार की भाड्याने देणार? दोघं एकदम बोललो. मी "राहणार", शेखर "भाड्याने". मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या बँकेत राहायच्या घराला व्याज थोडं कमी. भाड्याने द्यायचं तर जरा जास्त, पण येणारं भाडं उत्पन्नात धरून कर्ज वाढवून मिळतं. घरी ठरवून या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत.

परत येताना नाशिक रोडचा पूल आला तेव्हा शेखर म्हणाला, "आईला सोडून कसं जायचं?"

म्हणजे प्रश्न व्याजाचा नव्हताच. आई जेल रोडचं घर सोडून कुठेही येणार नाहीत, हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय. खरं तर मीही. त्यांना विचारायची हिंमत दोघांतही नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ घेतला. गोड बोललो. संध्याकाळपर्यंत जमलं.

१६ जानेवारी

मी दही फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. दुपारी बघते तर खालच्या. मी परत वर. जेवणं झाल्यावर परत खाली. यावर सासू-सुनेत एक शब्द नाही! सतरा वर्षं असंच चाललंय. आई वाईट नाहीत – सायलीच्या वेळी माझ्या उशाशी बसून होत्या, ते मी विसरणार नाही. पण घर त्यांचं. झारा कुठल्या खिळ्याला टांगायचा तेही त्यांचं. आता सायली पुण्याला हॉस्टेलवर. मला माझा एक खिळा हवाय, बस.

१९ जानेवारी

फ्लॅटला किती मागणी आहे ते मला दाखवायला शेखरने आज भाडेकरू आणले. नवीन लग्न झालेलं जोडपं, गोड होती पोरं. शेखर फोन घ्यायला जिन्यात गेला आणि माझ्या अंगात आलं. हळूच सांगितलं, वरच्या मजल्यावर ढोल पथकवाले राहतात, सराव घरीच करतात. दोघांनी छताकडे पाहिलं. नंतर कळवतो म्हणाले.

वर कोण राहतं मला काय माहीत!

२१ जानेवारी

आज एकटाच इंजिनिअर. त्याला म्हटलं, सोसायटीत अंड्याचा वास आला तरी मीटिंग बोलावतात. बिचारा लिफ्टसाठी थांबला नाही. शेखर डोकं खाजवतोय, लोकांना झालंय काय? मी म्हटलं, मंदी असेल.

२४ जानेवारी

मेथी निवडत होतो. आई मान वर न करता म्हणाल्या, "वर ढोल कोण वाजवतं गं?"

माझ्या हातातली जुडी खाली! ती नवी नवरी म्हणजे त्यांच्या भजनी मंडळातल्या सरुबाईंची भाची. नाशिक एवढं मोठं झालं म्हणतात, कुठे झालंय? आता शेखरला सांगणार, संपलं सगळं, असं वाटलं. तर म्हणाल्या, उद्या मला फ्लॅट दाखव. त्याला सांगू नकोस.

२५ जानेवारी

रिक्षाने नेलं. आईंनी भिंती वाजवून पाहिल्या. सगळे नळ सोडून पाहिले. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. बराच वेळ. मी बाहेर उभी, काय करावं कळेना. बाहेर आल्या त्या सरळ बाल्कनीत जाऊन फरशीवर बसल्या.

परतताना द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो. तिथे म्हणाल्या, "तुला तिथं राहायचंय ना?"

खोटं बोलून बोलून मी दमले होते. हो म्हटलं.

"का?"

"तुमच्या घरात मी पाहुणी आहे, आई."

बोलून गेले. रिक्षावाल्यानेही आरशात पाहिलं. समोरची बस हलेपर्यंत आई बाहेर बघत राहिल्या.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "मी तुझ्या घरात आहे."

जेल रोडला उतरताना त्यांची पिशवी मी घेतली. त्यांनी घेऊ दिली.

२७ जानेवारी

शेखरला सांगून टाकलं. ढोल, अंडं, सगळं. आधी चिडला. मग त्याला हसू आवरेना. ठरलं काहीच नाही.

३० जानेवारी

आई आपणहून बँकेत आल्या, ठेवणीतली साडी नेसून. मॅडमनी विचारलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "भाड्यानं द्यायचा. भाडेकरू मी."

शेखरने विचारलं, एकटी? "एकटीच. लग्न होऊन आले तेव्हा सासू होती. मग तुझे वडील, मग तुम्ही. मला पेन्शन आहे, गुडघे चालतात. फुकट राहणार नाही."

मॅडम माझ्याकडे बघतायत. मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते.

बँकेच्या पायऱ्या उतरताना आईंनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "येताना फोन करून ये हं. मी घरी असेनच असं नाही."